बापूच्या माडीतली चोरी

वैशाख लागला की बीडची क्लासची गल्ली ओस पडते. परीक्षा झालेल्या, निकाल लागायचे, पोरं आपापल्या गावी गेलेली. भिंतींवरचे गुणवंतांचे फोटो उन्हात पांढरे पडत राहतात. डांबर चपलेला चिकटतं. रिक्षावाले लिंबाखाली रिक्षा लावून पाय बाहेर काढून झोपतात. या दिवसांत दुपारी एक ते चार माझ्या संगणकांच्या दुकानात कोणी फिरकत नाही. मी शटर अर्ध्यावर ओढतो, कूलर बंद करतो आणि चोरी करायला बसतो.

कूलर बंद का, ते हा खेळ खेळल्याशिवाय कळायचं नाही. खेळ जुना आहे, संगणकाचे डबे अजून बोजड होते तेव्हाचा. त्यात तुम्ही चोर असता आणि मारामारी केली तर हमखास मरता. अंधारात उभं राहायचं, पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची, पहारेकऱ्याची पाठ वळली की सरकायचं. पडद्याच्या तळाशी एक मणी असतो. तुमच्यावर उजेड पडला की तो उजळतो, अंधारात गेलात की विझतो. फरशीवर पाऊल वाजतं, गालिच्यावर वाजत नाही, लोखंडी जाळीवर पडलं तर सगळं घर जागं होतं. पहारेकरी कुठं आहे हे कानांनी ओळखायचं असतं. कूलरची घरघर चालू असली तर त्याची पावलं बुडतात. म्हणून भर उन्हाळ्यात कूलर बंद करून, बनियन ओलं करून बसायचं.

कंपनीनं दिलेली घरं लुटून महिन्याभरात संपली. पण कंपनीनं घरं बांधायचं साधनही लोकांना देऊन टाकलं होतं. मग जगभरातले हौशी लोक आपापली घरं बांधू लागले. कोणी किल्ला, कोणी मठ, कोणी सावकाराची हवेली. यांना मिशन म्हणतात. कोणाला एक छदाम मिळत नाही, तरी एकेक माणूस दोन-दोन वर्षं एका घरावर घालवतो. बांधून झालं की इंटरनेटवर ठेवतो आणि वाट बघतो, कोणी येऊन लुटेल का. मी लुटत असे, आणि लुटून झालं की अभिप्राय लिहीत असे. माझं इंग्रजी मोडकं होतं, पण खोड काढायला मोडकं इंग्रजी पुरतं. पाच-सहा ओळींत मी माणसाची दोन वर्षं झोपवू शकत होतो. परदेशातली माणसं मला पत्रं लिहून विचारायची, आधी तुम्ही एकदा खेळून बघाल का.

ही विद्या मला शाळेत मिळाली नाही. शाळा सोडून मी पाटोद्याच्या जनावरांच्या बाजारात एका हेड्याजवळ राहिलो. हेड्या म्हणजे जनावरांचा दलाल. तिथं पहिली गोष्ट शिकलो ती ही, की ज्याला बैल घ्यायचा नसतो तो बैलाची तारीफ करतो आणि पुढं जातो. ज्याला घ्यायचा असतो तो खोड काढतो. खूर बघतो, दात बघतो, शेपटीखाली बघतो, म्हणतो याची खांद उतरलीय, हा बसका आहे, हा मारका आहे. विकणारा मनातून खूष होतो. खोड काढणारा आला म्हणजे गिऱ्हाईक आलं. मग दोघांच्या हातांवर उपरणं टाकतात आणि आत बोटं धरून भाव ठरतो. बाहेरच्या कोणाला काही कळत नाही. त्या उपरण्याखालून मी माझी दुकानं उभी केली. हैदराबादहून आणलेला जुना मॉनिटर असो की कोर्टाजवळचा गाळा असो, मी आधी खोड काढली.

बापूच्या मिशनची मी खोड काढली ती मात्र घेण्यासाठी नाही.

दोन हजार सालानंतरचा दुसरा किंवा तिसरा उन्हाळा असेल. भारनियमन कडक होतं. इन्व्हर्टरवर दोन संगणक चालत, त्यातला एक माझा. बापू पाटोद्याहून मोटारसायकलवर यायचा. पिशवीत सहा फ्लॉप्या, ओल्या रुमालात गुंडाळलेल्या, कारण उन्हानं फ्लॉपी जाते असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. रुमालाच्या ओलीनं जाईल हे कोणी सांगितलं नव्हतं. एवढं शिकलेला माणूस. तो आमच्या गावच्या जमीनदाराचा मुलगा. त्यांच्या घराला गाव 'माडी' म्हणायचं, कारण गावात दुसरी माडीच नव्हती. वडील राजकारणात, गावातलं कोणतंही भांडण त्यांच्या ओट्यावर मिटायचं. माझी आई तिथं भाकऱ्या थापायची आणि झाडलोट करायची. बापू आणि मी एका वयाचे. तो मला 'तू' म्हणायचा. मी त्याला 'तुमी'. दुकानदार झाल्यावरही मी ते सोडलं नाही. तो म्हणायचा, वैजू, आता तरी अरे-तुरे कर की. मी म्हणायचो, जमत न्हाई बापू, सवय हाय.

खेळाचं वेड माझ्याच दुकानात त्याला लागलं. पण बांधायला शिकला तो एकटा, घरी, वडील पुण्या-मुंबईला गेले की. दोन वर्षं त्यानं काय बांधलं ते कोणाला दाखवलं नाही. त्या वैशाखात पहिल्यांदा फ्लॉप्या घेऊन आला आणि म्हणाला, तू खेळ, आणि खेळून झाल्यावर मला सगळं सांग. सगळं म्हणजे सगळं. एवढं बोलून माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

तो निघून गेल्यावर मी शटर ओढलं, कूलर बंद केला. पडदा उजळला आणि मी माडीच्या परसात उभा होतो.

हे मी कसं सांगू. खेळातले दगड परदेशी होते, मशाली परदेशी होत्या, पहारेकऱ्यांच्या अंगावर चिलखतं होती. पण आडाची चौकट माडीचीच. गोठ्याची दावण तीच. ठोकळ्यांवर ठोकळे ठेवून त्यानं उतरंड केली होती, जातं केलं होतं, जात्याला खुंटाही होता. लहानपणी मी परसदारी आईची वाट बघत बसायचो. उंबऱ्याच्या आत कधी गेलो नव्हतो, कोणी ये म्हटलं नव्हतं. माडीचा जिना किती पायऱ्यांचा आहे हे मला त्या दुपारी कळलं. अकरा. सातव्या पायरीला लाकूड होतं आणि ते करकरत होतं. आईनं एकदा सांगितलं होतं की सातवी वाजते, म्हणून ती पाय ओलांडून टाकते. मीही ओलांडून टाकला. घामानं माऊस निसटत होता.

प्रत्येक मिशनच्या सुरुवातीला अटी असतात. अमुक लूट आणा, तमुकाला मारू नका. बापूच्या अटींत शेवटची अट अशी होती: स्वयंपाकघरातल्या बाईच्या अंगाला हात लावायचा नाही. लावला तर खेळ तिथंच संपेल.

ती बाई चुलीपुढं बसली होती. इतर मिशनांतल्या बाया चोर दिसला की किंचाळत पहारेकऱ्याकडं धावतात. ही धावत नव्हती. मी मुद्दाम उजेडात गेलो, मणी लख्ख झाला, तरी तिनं नुसती मान फिरवली आणि चुलीकडं बघत बसली.

आता अंगठीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही तिसरीत असताना माडीवर बापूच्या वडिलांची पोवळ्याची अंगठी हरवली. घरात बाहेरची बाई एकच, माझी आई. तिला अंगणात उभं केलं. ओटी सोडायला लावली, केस सोडायला लावले. आम्ही लिंगायत. आईच्या गळ्यात लिंगाची चांदीची डबी असायची आणि ती अंगावरून कधी उतरत नसे, बाळंतपणातही नाही. डबी उघड, मालक म्हणाले. अंगठी मावेल एवढी डबी होती. आईनं ती सगळ्यांसमोर उघडली. आत लिंग होतं. मी परसदारी होतो आणि बापू जिन्यावर होता. आमची नजरानजर झाली, तेवढं मला आठवतं. त्यानंतर जंगमाला, म्हणजे आमच्या गुरूला, बोलावून लिंग पुन्हा धारण करीपर्यंत आईनं पाणीही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, अंगठी पलंगाखाली सापडली, कामाला ये. बस, एवढंच. आई गेली. जायलाच लागणार होतं.

माडीवर बापूची खोली होती. मिशनमध्ये ती कुलूपबंद होती आणि किल्ली जिन्याखाली होती. आत खिडकीच्या कोनाड्यात तीन ठोकळ्यांची एक छोटी पेटी. बापूची कंपासपेटी. मी ती उघडली. आत अंगठी होती आणि एक चिठ्ठी. खेळाला देवनागरी येत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: 'परत ठेवायची आहे. आता हिंमत होत नाही. तिला अंगणात उभं केलंय.'

मी चिठ्ठी चारदा वाचली. बाहेर पहारेकरी खोकत फिरत होता. इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला आणि पडदा काळा झाला.

म्हणजे अंगठी त्यानं घेतली होती. घेतली, घाबरला, जिन्यावर उभा राहून बघत राहिला, आणि मग गुपचूप पलंगाखाली टाकली. पंचवीस वर्षं हे त्याच्या पोटात होतं. आणि आता त्यानं दोन वर्षं खपून सबंध घर बांधलं होतं, कशासाठी, तर मी चालत त्याच्या खोलीपर्यंत जावं आणि मला ते सापडावं. माझ्या तोंडून त्याला एवढंच ऐकायचं होतं, की सापडली. पुढं मी शिव्या देतो की गळ्यात पडतो, ते त्यानं माझ्यावर सोडलं होतं.

मी अभिप्राय लिहून त्याला पाठवला. गोठ्याजवळचा पहारेकरी फार थोड्या अंतरात फिरतो, त्याला चुकवणं पोरखेळ आहे. ओसरीत उजेड जास्त. उतरंड ओबडधोबड. स्वयंपाकघरातल्या बाईची अट निरर्थक, तिला हात लावायला कोण जाईल. असे अकरा दोष. खाली नेहमीप्रमाणं लूट किती सापडली ते लिहायची पद्धत असते. तिथं लिहिलं: एक वस्तू सापडली नाही.

मला वाटलं तो मोडेल. आठ दिवसांनी तो आला तो हसत. मला आधी समजेना. मग समजलं. बापूही त्याच मातीतला, बापाबरोबर बैलबाजार केलेला. त्यानं माझे अकरा दोष वाचले आणि त्याला वाटलं, गिऱ्हाईक आलं. खोड काढतोय म्हणजे वैजूला घ्यायचं आहे, भावावर यायला वेळ लागतोय एवढंच. त्यानं सगळे दोष दुरुस्त करून आणले होते. पहारेकऱ्याचा फेरा लांबवला होता, उतरंडीचं एकेक मडकं गोल केलं होतं. मी पुन्हा खेळलो आणि नऊ दोष काढले. तो पुन्हा गेला, पुन्हा आला. ज्येष्ठ लागेपर्यंत चार खेपा झाल्या. तो वाळला, काळा पडला, डोळे खोल गेले. दर खेपेला लूट सगळी सापडली का विचारायचा. मी म्हणायचो, एक राहतीय बापू, लई चांगली लपवली तुमी. दर खेपेला त्यानं ती खोली थोडी सोपी केली. आधी कुलूप काढलं. मग दिवा लावला. शेवटी पेटी खिडकीत, बाहेर अंगणातून दिसेल अशी ठेवली. आंधळ्यालाही सापडली असती. मला त्यातली मजा कळू लागली होती, हे मी लपवत नाही. जन्मात एकदा त्या घरातला माणूस माझ्या उंबऱ्यावर ताटकळत होता.

एका खेपेला आई दुकानामागच्या आमच्या घरातून दुकानात आली. जेवायचं विचारायला आली होती, बापूला बघून ताक घेऊन आली. तो ताडकन उभा राहिला. आई म्हणाली, "बसा मालक. वाळलात की वो लई. घरी भाकर मिळंना का?" त्यानं तांब्या हातात घेतला आणि तो तोंडाला लावेपर्यंत इतका वेळ लावला की आईनं माझ्याकडं बघितलं, याला काय झालं. मी म्हणालो, परीक्षा चालू हाय त्यांची. आई हसली, या वयात कसली परीक्षा, आणि घरात गेली.

शेवटच्या खेपेला त्यानं फ्लॉप्या आणल्या नव्हत्या. वीज गेलेली, इन्व्हर्टर बसलेला, सगळे पडदे काळे. तो समोर स्टुलावर बसला. खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि तो झाकलेला हात काउंटरवरून माझ्यापुढं केला. बाजारात करतात तसा.

"खोड काढून झाली असंल तर बोल आता, वैजू," तो म्हणाला. "भाव तू सांग. काय बी सांग. मी न्हाई म्हणणार न्हाई."

टॉवेलखाली त्याची बोटं हलत होती. मी हयातभर त्या कापडाखाली हात घातलेला माणूस. बोटं माझी वाट बघतायत हे मला न बघता कळत होतं.

"कशाचा भाव?" मी विचारलं.

"तुला माहीत हाय."

"मला कसं माहीत असंल? एक वस्तू राहिलीय, ती कुठं हाय ते तुमीच सांगा की. तोंडानं सांगा. मी इथंच बसलोय. आई आत हाय, तिला बी बोलावतो. अंगणातच बोलू."

त्यानं दोनदा तोंड उघडलं. जबडा हलत होता आणि आवाज येत नव्हता. मी घड्याळाकडं बघून त्याला पुरेसा वेळ दिला, हे मी इमानानं सांगतो. तेवढ्या वेळात त्यानं एक वाक्य उच्चारलं असतं तर मी काय केलं असतं ते मला ठाऊक नाही. पण माझ्या आईची झडती उन्हात, चारचौघांत झाली होती. आणि हा कबुली देत होता ती कुलुपाच्या आत, इंग्रजी अक्षरांत, परदेशी मशालीच्या उजेडात. जिला वाचता येत नाही अशा बाईची माफी चिठ्ठी लिहून कशी मागता येते?

मी टॉवेल उचलला. त्याचा हात उघडा पडला, तळवा वर. त्या टॉवेलानं मी मॉनिटरवरची धूळ पुसली, दोन्ही बाजूंनी, आणि घडी करून त्याच्या हातावर ठेवला.

"मला घ्यायचंच न्हाई, बापू. उगं बघत होतो."

बाजारात यापेक्षा मोठा अपमान नाही. खोड काढून, जनावर फिरवून, दात बघून असं म्हणणाऱ्याला पाटोद्यात लोकांनी बदडलेलं मी पाहिलंय. बापूनं मला बदडलं नाही. शटरखालून वाकून बाहेर गेला. त्याच्या मोटारसायकलची सीट इतकी तापली होती की तो बराच वेळ तिच्याजवळ नुसता उभा होता.

पुढं त्यानं मिशन इंटरनेटवर ठेवलं, नाव न घालता. लोकांना आवडलं. कुठल्या तरी थंड देशातल्या एका खेळाडूनं लिहिलं की पोराच्या खोलीतली चिठ्ठी भाषा न कळूनही आपल्याला वाचावीशी वाटली, कोणी अर्थ सांगेल का. त्या खेळाडूंत, बापू सोडला तर, अर्थ सांगू शकणारा मी एकटा होतो. मी त्याखाली लिहिलं की चिठ्ठीत स्वयंपाकाची कृती आहे. बापूनं ते वाचलं असणार. त्यानंतर त्यानं काही बांधलं नाही. वडिलांची गादी चालवतो, भाषणं करतो, लग्नात दिसला तर मला नमस्कार करतो. मी 'कसे आहात तुमी' म्हणतो.

आता लिहूनच टाकतो, बापू, वाचत असशील तर. सापडली होती. पहिल्याच दुपारी, पहिल्याच तासात. 'तू' म्हणतोय, बघ. आता सांगतोय कारण आता त्याचा तुला काही उपयोग नाही. जिची माफी हवी होती ती राहिली नाही.

लोकांना वाटेल मी बापूचं नुकसान केलं. त्याचं झालं ते झालं, त्यानं माझी झोप उडत नाही. मी आईलाही सांगितलं नाही. का नाही, ते मला चांगलं माहीत आहे. तिनं ऐकलं असतं आणि ती म्हणाली असती, लेकरूच होतं की ते. संध्याकाळी त्याला जेवायला बोलावलं असतं. पंचवीस वर्षं मी जे जपलं, ज्याच्या जोरावर उठलो आणि भांडलो आणि मोठा झालो, ते तिनं एका वाक्यात फुकट देऊन टाकलं असतं. म्हणून तिला कळू दिलं नाही.

ती गेली त्या वर्षीचा वैशाख. खाटेवरून उठत नव्हती, पण बोलणं स्पष्ट होतं. मी दुपारी तिच्याजवळ बसलो होतो. छताकडं बघत म्हणाली, "पलंगाखाली कशी काय सापडली रं ती अंगठी? मी तर तिथं रोज दोनदा झाडायची."

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"मीच नीट झाडलं नसंल," ती म्हणाली. "जन्मभर त्याच इचारात हाय. माझ्या हातून चूक झाली, आन् त्या लोकांवर उगं राग धरला. मीच नीट झाडलं नसंल. न्हाई का रं?"

"नसंल," मी म्हणालो.